सात वर्षं चर्चला गेलो नाही. देवाचं अजून माझ्यावर प्रेम असेल का?

तुम्ही पुढे हेही विचारलंय, की परत जायचं तर आधी काय करावं लागेल.

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, काहीच नाही. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. सहा वर्षं बाहेर राहून आलोय, तेवढ्यावर बोलतोय.

माझं बालपण पुण्याच्या गुरुवार पेठेत गेलं. तिथल्या होली नेम चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा सुरू झाल्या की आई ओरडायची, "अजून आंघोळ नाही?" आमचं चर्च दुसरं, पण रविवारचं घड्याळ तेच. संडे स्कूल, दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी), क्वायर, सगळं रीतसर झालं. मग वडील आजारपणात गेले आणि दफनविधीवरून परतताना चर्चच्या मंडळीतल्या एकाने मला ऐकवलं, "घरात प्रार्थना कमी पडली." मी भांडलो नाही. पुढच्या रविवारी गेलो नाही, त्याच्या पुढच्याही. हिंजवडीत नोकरी असली की रविवारी झोपायला वेगळं कारण लागत नाही. प्रार्थना कधी सुटली ते तर मला आठवतही नाही.

बायबलमधल्या लूक १५ मधला उधळ्या पुत्र, बापाकडून वाटणी घेऊन गेलेला आणि सगळी उडवून बसलेला, तुम्हाला पाठ असेल. तरी त्या पोराचं भाषण एकदा सावकाश वाचा. डुकरांजवळ बसून तो तीन गोष्टी जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. ही १८ आणि १९ वी वचनं. आता २१ वं बघा. घरी पोचल्यावर पहिल्या दोनच गोष्टी बोलून होतात. मजुरीचं तोंडातच राहतं, कारण बाप चाकरांना झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा, असं सांगत सुटलेला असतो. आणि तो धावला कधी? पोरगं लांब असताना, त्याच्या तोंडून एक शब्दही ऐकायच्या आधी. पोराने माफी मागितली म्हणून बापाने घरात घेतलं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. गोष्टीत क्रम उलटा आहे.

माणसांचं मात्र तसं नसतं. १८९० मध्ये आमच्याच पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतला, म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्त घ्यायची वेळ आली होती. यावर आम्ही ख्रिस्ती लोक मिटक्या मारत हसतो. पण बऱ्याच दिवसांनी आलेल्याला चर्चच्या दारात "काय, आज वाट चुकलात वाटतं?" असं विचारणारेही आम्हीच. त्या गोष्टीतला थोरला भाऊ, धाकट्याचं स्वागत झालं म्हणून रुसलेला, प्रत्येक मंडळीत दोन-चार तरी असतोच. त्याचीही समजूत काढायला बाप घराबाहेर येतो, हे त्याच गोष्टीत आहे. आपण तिथपर्यंत वाचत नाही.

कोणी तुमच्यापुढे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं ६:४-६ धरेल, की एकदा मागे फिरलेल्याला पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. वचन कडक आहे, मी ते गुळगुळीत करणार नाही. पण त्याच अध्यायातलं नववं वचनही वाचायला सांगा. तिथे लिहिणारा ज्यांना हे पत्र लिहितोय त्यांना प्रियजन म्हणतो आणि तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्याची खात्री आहे, असं सांगतो. आणि मला विचाराल तर, ज्याचं खरंच सगळं संपलंय तो रात्री बसून असले प्रश्न टाइप करत नाही.

मी परत गेलो तो साधाच रविवार होता, सणबिण काही नाही. "इतके दिवस कुठे होतास?" याचं उत्तर स्वारगेटपासून मनात घोकत आलो होतो. उशीर झाला होता, आत गाणं सुरू होतं. दारातल्या आजोबांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून हातात दिलं, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दुसरं कडवं चालू आहे."