शंका-समाधान : ‘काका, ही ओळ कधी टाकलीत?’

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक, मिरजेला असतो. जुन्या लॅपटॉपवर पुतण्याने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही संगणकप्रणाली घालून दिली आहे. रोज काम झालं की नुसतं झाकण मिटतो, पूर्ण बंद क्वचितच करतो. मुलीची फोटोंची हार्डडिस्क वर्षभर माझ्याकडे होती, ती दिवाळीत नाशिकला घेऊन गेली. त्यानंतर आठवड्याने लॅपटॉप बंद करून सुरू केला, तर काळ्या पडद्यावर दीड मिनिट सेकंद मोजले गेले आणि पुढे ‘इमर्जन्सी मोड’ असं आलं. पुतण्याने फोनवरून सांगून एका फाइलमधली एक ओळ बंद करायला लावली, तेव्हा चालू झाला. मग त्याने विचारलं, ‘काका, ही ओळ कधी टाकलीत?’ मला आठवेना. सिस्टिमच्या प्रती राखणारं टाइमशिफ्ट आहेच, पण कधी काय बदललं याची नोंद ठेवायची काही सोय आहे का?

उत्तर : सर, नमस्कार. ओळीचा फोटो सोबत पाठवलात, ते फार बरं केलंत. फाइल एफएसटॅब नावाची आहे. सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची, हे संगणक तिच्यात वाचतो. तुमच्या ओळीत मुलीच्या डिस्कचा ओळख-क्रमांक आहे. ती डिस्क नाशिकला, म्हणून संगणकाने ९० सेकंद वाट पाहिली आणि मिळाली नाही म्हणून पुढे जायचं नाकारलं. ओळीत ‘नोफेल’ एवढा शब्द असता, तर तो डिस्कशिवायही सुरू झाला असता.

टाकली तेव्हा ओळ बरोबरच होती, हे मात्र लक्षात घ्या. वर्षभर तिने काम केलं. बदललं ते घरातलं, संगणकातलं नव्हे. अशा वेळी ‘काल काय केलं?’ असं आठवून काही हाती लागत नाही, कारण गाठ वर्षापूर्वीची असते.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. रोजकीर्दीत नुसती रक्कम लिहिलेली त्यांना चालत नसे. मी एकदा ‘४० रुपये’ एवढंच लिहून वही मिटली, तर त्यांनी वही परत उघडून तपशिलाच्या रकान्यावर बोट ठेवलं. कुणाला, कशापायी? ते लिहून होईपर्यंत उठू दिलं नाही. संगणकाच्या बाबतीत मी आज तेच करते, आणि तुम्हीही करावं असं मला मनापासून वाटतं.

टाइमशिफ्टबद्दल आधी सांगते. ते ठेवाच. पण ते अख्खी सिस्टिम मागच्या तारखेला नेऊन ठेवतं. मधल्या काळात कोणती ओळ कुणी का बदलली, हे ते तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्हाला हवी आहे ती रोजकीर्द, आणि तिचं नाव ईटीसीकीपर. डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकारासाठी काम केलेल्या जोई हेस यांनी ती लिहिली. लिनक्समधल्या सिस्टिमच्या बहुतेक सेटिंग्ज ‘ईटीसी’ नावाच्या एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. हा प्रोग्रॅम तो फोल्डर गिटच्या, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ताब्यात देतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कामासाठी केलेलं हेच ते गिट. नुसतं गिट वापरलं तर फाइल कुणाच्या मालकीची, ती कुणाला वाचता येते, हे नीट नोंदलं जात नाही. ईटीसीकीपर तेही टिपून ठेवतो.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधून तो बसवा. बसवताक्षणी पहिली नोंद आपोआप होते. पुढे एपीटीने (प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या यंत्रणेने) काही बसवलं-काढलं की त्याच्या आधी आणि नंतर, शिवाय दिवसातून एकदा, तो स्वतःच नोंदी करतो. पण दिवसाच्या नोंदीत तपशील म्हणून लिहितो काय, तर ‘डेली ऑटोकमिट’, म्हणजे ‘रोजची आपोआप नोंद’. काय बदललं ते त्याला अक्षर न् अक्षर ठाऊक असतं. कशापायी, ते फक्त तुम्हाला ठाऊक. म्हणून बदल केल्या केल्या, चहाला उठायच्या आधी, आपली नोंद आपण करायची : टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘सुडो ईटीसीकीपर कमिट’ आणि पुढे अवतरणचिन्हांत कारण. ‘सुडो’ म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने, ‘कमिट’ म्हणजे नोंद करणं. (आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप रोमन लिपीत करायच्या.) कारण मराठीत लिहिलंत तरी चालतं. माझ्या सगळ्या नोंदी मराठीतच आहेत.

वाचायचं असेल तेव्हा ‘सुडो ईटीसीकीपर व्हीसीएस लॉग’ म्हणा, पुढे ‘डॅश पी’ आणि फाइलचं नाव ‘एफएसटॅब’. पडद्यावर तारीख येते, खाली तुम्ही लिहिलेलं कारण, आणि त्याखाली बदल : काढलेली ओळ वजा चिन्हाने लाल, घातलेली अधिक चिन्हाने हिरवी. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे तारखेनिशी मिळालं असतं.

पहिल्या आठवड्यात एक त्रास होईल. प्रिंटरची व्यवस्था पाहणारं कप्स आपली ‘प्रिंटर्स डॉट कॉन्फ’ फाइल स्वतःच पुन्हा पुन्हा लिहितं, आणि नोंदवही त्यानेच भरते. ‘डॉट गिटइग्नोर’ या, गिटने काय वगळायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये तिचं नाव घालून ती वगळायची मुभा आहे. मात्र तिथे ईटीसीकीपरने स्वतःसाठी राखलेला भाग असतो, त्याच्या बाहेर लिहा. आधीच नोंदलेली फाइल गिटच्या यादीतूनही काढावी लागते, तेवढं पुतण्याकडून करून घ्या.

डेस्कटॉपची रंगरूपं, कीबोर्डचे शॉर्टकट वगैरे मात्र या वहीत येत नाहीत. ते तुमच्या होम फोल्डरमध्ये, डीकॉन्फ नावाच्या सेटिंग्जच्या साठ्यात असतात. ‘डीकॉन्फ डंप’ ही आज्ञा ते साध्या मजकुरात काढून देते. मी महिन्यातून एकदा काढून तारीख घालून ठेवते, तेवढं पुरतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. ही वही त्याच डिस्कवर असते, म्हणून तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पण ती कुणाला ईमेल करू नका, इंटरनेटवर उघड्यावर तर मुळीच ठेवू नका. त्या फोल्डरमध्ये लॉगिन पासवर्डांचे सांकेतिक ठसे असतात, आणि वायफायचे पासवर्ड तर बहुधा सरळ वाचता येतील असे. पेनड्राइव्ह घरातल्या कपाटातच राहू द्या.

मागचं शोधायचं असेल तर थोडा आधार आजही आहे. ‘व्हार’ फोल्डरमध्ये ‘लॉग’, त्यात ‘एपीटी’, आणि त्यात ‘हिस्टरी डॉट लॉग’. कोणत्या दिवशी कोणतं पॅकेज आलं-गेलं, ते तिथे सापडतं. हाताने टाकलेल्या ओळी तिथे नसतात, त्यामुळे तुमच्या ओळीची तारीख त्यात मिळणार नाही.

तुमची पहिली नोंद आजच करा. ईटीसीकीपर बसवून झाला की ईटीसी फोल्डर ‘ओपन अ‍ॅज रूट’ने (म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने) उघडा, एफएसटॅब उघडा. पुतण्याने सुरुवातीला हॅश (#) लावून बंद केलेली ओळ जागच्या जागी राहू द्या, आणि तिच्या डोक्यावर हॅशनेच सुरू होणारी नवी ओळ लिहा : ‘लेकीची फोटोंची डिस्क दिवाळीत नाशिकला गेली, म्हणून खालची ओळ बंद. डिस्क परत आली तर नोफेल घालून सुरू करणे.’ फाइल जतन करा आणि हेच वाक्य कमिटमध्येही लिहा.