वाद्यांचा विमा काढण्याआधी

नाशिक

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. तबल्याच्या दोन जोड्या, स्केल चेंजर पेटी, कीबोर्ड, ऑक्टापॅड, छोटा मिक्सर आणि चार माइक. एवढ्याच्या विम्याला हप्ता किती पडेल, असं विचारलं आहेस. हप्त्याचं नंतर बघू. आधी हे ठरव की यातली एकेक वस्तू कुठून, कोणाच्या ताब्यातून आणि कशी जाऊ शकते. क्लेम मंजूर होतो किंवा अडतो तो याच तीन मुद्द्यांवर.

घरची मंडळी म्हणतील, "घराची पॉलिसी आहे ना, त्यातच येईल सगळं." नाही येत. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी मिळते. ती आग, वीज, वादळ, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. साधी चोरी तिच्यात नाही. आपत्तीमुळे, आणि तीही आपत्तीनंतरच्या ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. घरफोडीचं संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागतं. शिवाय घरसामान म्हणजे घरगुती वापराचं सामान. तुला कार्यक्रमांचं मानधन मिळतं, म्हणजे तुझी वाद्यं धंद्याची हत्यारं झाली. प्रस्तावपत्रात 'व्यावसायिक वापर' असं स्वच्छ लिही. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. हे लपवलं आणि क्लेमच्या वेळी तुझ्याच कार्यक्रमाचं पोस्टर सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाच्या, हाती लागलं, तर पुढे बोलायला जागा राहत नाही.

घरफोडीच्या पॉलिसीत 'बळजबरीने प्रवेश' ही अट असते. कुलूप तुटलेलं, कडी उचकटलेली, खिडकीचा गज वाकलेला, असं काहीतरी दिसलं पाहिजे. क्लासच्या उघड्या दारातून कोणी माइक उचलून नेला तर ती चोरी खरी, पण घरफोडी नव्हे. साध्या चोरीचं कलम वाढवून मिळतं का, ते लेखी विचार. ही पॉलिसी एका पत्त्यापुरतीच असते, हेही लक्षात ठेव. गंगापूर रोडच्या घरातला कीबोर्ड शालिमारला कालिदास कलामंदिरात पोचला की तिचं काम संपलं.

फिरत्या वाद्यांसाठी 'ऑल रिस्क' या नावाने माग. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्यांकडे चौकशी कर, एक-दोन खासगी कंपन्यांचीही कोटेशन घे. इलेक्ट्रॉनिक सामानाची वेगळी पॉलिसी असते. तिच्यात फिरत्या उपकरणांचं कलम जोडलं तर कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि मिक्सर तिथे बसू शकतात. काउंटरवर वाद्यांचा विमा विचारणारे फार येत नाहीत, त्यामुळे पहिला माणूस "असं काही नसतं" म्हणाला तर शाखाधिकाऱ्याला भेट. ब्रोकर गाठलास तर आणखी बरं. एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर ग्राहकाच्या वतीने बोलतो. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी धर. आणि पैसे कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. "उद्या भरतो, आज कार्यक्रम उरकून घेऊ" यातला आजचा कार्यक्रम तुझ्या जबाबदारीवर.

'ऑल रिस्क' या नावाने भुलू नकोस. झीज, तुटलेली तार, फाटलेली पुडी (तबल्यावरचं चामडं), आतला इलेक्ट्रॉनिक बिघाड, ओल, उंदरांनी कुरतडलेला भाता, हे साधारणपणे वगळलेलं असतं. श्रावणात पुडी उतरली किंवा पेटीचे सूर सरकले, तर ते तुझं आणि कारागिराचं. 'कधी गेलं, कसं गेलं, कळलं नाही' हेही बहुधा वगळलेलं असतं. पण सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गाडीवरून. कार्यक्रम संपतो, सगळे जेवायला उतरतात, मागच्या सीटवर पेटी आणि कीबोर्डची बॅग काचेतून दिसत असते. बऱ्याच पॉलिसी सोडून दिलेल्या गाडीतली चोरी मुळातच धरत नाहीत. धरतात त्या अटी घालतात: गाडी पूर्ण बंद, सामान कुलूपबंद डिकीत, बाहेरून दिसत नाही, काच किंवा कुलूप फोडल्याची खूण आहे. काहींत रात्रीचे तास वगळलेले असतात. हे कलम शब्दन् शब्द वाच. तुझ्या हॅचबॅकच्या डिकीत एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आडवा बसत नसेल, तर ती अट तुला पाळताच येणार नाही. मग वाटेत जेवायला बसताना एकाने गाडीत थांबायचं, किंवा वाद्यं हॉटेलात आत न्यायची.

आता ओळख पटवण्याचं. इथे तबलेवाल्यांचे फार हाल होतात. कीबोर्ड आणि मिक्सरच्या तळाला सिरियल नंबर असतो. त्याचा फोटो काढ आणि तोच नंबर बिलावर आहे का बघ. तबल्याला नंबर नसतो. पुडीचा फोटो काढून ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुडी बदलली की वाद्याचा चेहराच बदलतो, आणि चोरीचा माल विकणारा ती आधी बदलतो. खूण खोडावर, म्हणजे तबल्याच्या लाकडी भागावर हवी. पुढच्या वेळी पुडी चढवायला देशील तेव्हा खोड मोकळं होतं. त्या वेळी आतल्या बाजूला लहानसं चिन्ह कोरून घे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढ. खोडाचं तोंड आणि उंची, डग्ग्याच्या भांड्याचा धातू, त्याचं ग्रॅममधलं वजन आणि बुडाचे पोचे लिहून ठेव. पेटी उघडून रीडबोर्डाचे फोटो काढ. सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या (रीड), कुठले आहेत, जर्मन की पालिताण्याचे, हे लिहून घे, कारण पेटीच्या किमतीतला फरक तिथेच असतो. कधी तानपुरा घेतलास तर भोपळ्यावरचं नक्षीकाम आणि जुने सांधे यांचे फोटो काढ. हे सगळं फोनबरोबर घरातून जाणार नाही अशा ठिकाणी ठेव. स्वतःलाच ईमेल केलंस तरी पुरे.

पेटी थेट कारागिराकडून घेतली असेल तर बिल नसणार. त्याच्या लेटरहेडवर वर्णन, आजची किंमत, तारीख आणि सही असं मूल्यांकनपत्र घे. दोन-तीन वर्षांनी नवं करून घे. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूवर कंपनी घसारा कापते, ते ठीक आहे. पण चांगले सूर असलेली जुनी पेटी वर्षागणिक स्वस्त होत नाही. तिच्यासाठी 'मान्य मूल्य' या तत्त्वावर पॉलिसी मिळते का विचार, म्हणजे किंमत आधीच ठरते.

हप्ता वाचवायला रक्कम कमी लावू नकोस. समज, सामान १,२०,००० रुपयांचं आणि विमा ८०,०००चा. ३०,०००चं नुकसान झालं तर ते ८०,०००च्या आत आहे म्हणून ३०,००० मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात विमा दोन तृतीयांश किमतीचाच असल्यामुळे भरपाईही दोन तृतीयांश, म्हणजे २०,००० रुपये. त्यातूनही ठरलेली वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुला स्वतः सोसायची रक्कम, जाते. या वजावटीमुळेच स्टँड, केबल, कव्हर यादीत घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पेटी, कीबोर्ड, ऑक्टापॅड, मिक्सर आणि चांगले माइक यांची मात्र एकेक वेगळी नोंद कर. 'संगीत साहित्य, एकूण दीड लाख' असं मोघम लिहू देऊ नकोस.

ताब्याचा मुद्दा थोडक्यात. विद्यार्थ्याला विश्वासाने दिलेली पेटी त्याने परत केली नाही, तर कायद्याच्या भाषेत ती बहुधा चोरी ठरत नाही, विश्वासघात ठरतो. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आणि विश्वासघाताचं ३१६. विमा चोरीचा असतो. भाड्याने दिलेल्या साउंडचंही तेच. ढोलपथकात वाजवत असशील तर पथकाच्या मालकीच्या ढोलांचा विमा पथकाच्याच नावाने हवा. तुझ्या नावाच्या पॉलिसीत ते बसणार नाहीत.

चोरी झालीच, तर हात लावण्याआधी तुटलेल्या कुलपाचे, काचेचे फोटो काढ. मग पोलीस ठाणं. तिथे 'गहाळ' अशी नोंद करून दाखला मिळतो आणि काम उरकल्यासारखं वाटतं. तो दाखला सिमकार्ड परत मिळवायला चालतो, क्लेमला चालत नाही. फिर्यादीत 'चोरी' हा शब्द हवा. कुलूप तोडल्याचा उल्लेख हवा, प्रत्येक वस्तू नंबरासह आणि किमतीसह हवी. काही राहून गेलं तर लगेच पुरवणी जबाब दे. पंचनाम्यात तोडफोडीच्या खुणा लिहिल्या गेल्या का, ते सही करण्याआधी वाच. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. हद्दीचा वाद निघाला तर झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. रेल्वेत चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, नाशिक रोडला उतरल्यावरही चालेल. पण रेल्वेकडून भरपाईची आशा धरू नकोस. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १०० प्रमाणे सोबत नेलेल्या सामानाला रेल्वे जबाबदार ठरते ती तिच्या नोकरांची हयगय सिद्ध झाली तरच.

त्याच दिवशी कंपनीला फोन कर, ईमेलही कर आणि क्लेम नंबर लिहून घे. उशिरा कळवणं हे क्लेम अडवण्याचं सगळ्यात सोपं कारण. पुढे सर्व्हेअर येईल, बिलं, फोटो, एफआयआर, पंचनामा मागेल. शेवटी कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, याला आपल्याकडे 'अ समरी' म्हणतात. ती यायला महिने लागतात, म्हणून तपास अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर जपून ठेव आणि अधूनमधून चौकशीला जा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

कळावे.

ता. क. सराफ बाजाराजवळ तालमीची खोली बघतो आहोत, असं लिहिलं आहेस. गोदेला पूर आला की पाणी त्या गल्ल्यांमध्ये शिरतं. घरफोडीच्या पॉलिसीत पूर येत नाही, तो वेगळा मागावा लागतो. खोली पहिल्या मजल्यावर मिळाली तर भाडं थोडं जास्त देऊनही घे.