निरपराध माणूस जीव मुठीत धरून पळतोय, असा जुना रहस्यपट सुचवाल का? कृष्णधवल चालेल.

डोळे मिटून 'द थर्टी नाइन स्टेप्स' बघा. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा, १९३५ चा. जेमतेम दीड तासाचा, त्यामुळे रेंगाळत नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या नायकाच्या, हॅनेच्या घरी आश्रयाला आलेली बाई रात्री पाठीत सुरा खुपसलेल्या अवस्थेत मरते. खुनाचा आळ अर्थातच याच्यावर. तिला मारणारे हेर शोधायला गडी थेट स्कॉटलंड गाठतो. मागे पोलीसही आणि हेरही.

मोलकरणीला प्रेत दिसतं तो क्षण नीट बघा. ती किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते आगगाडीची शिट्टी! पुढच्याच दृश्यात गाडी बोगद्यातून बाहेर. ब्रिटनमध्ये बोलपट येऊन पाच-सहा वर्षंच झाली होती हो तेव्हा.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो बेड्यांचा भाग. हॅने आणि त्याच्यावर काडीचा विश्वास नसलेली पामेला एकाच हातकडीत. खाणावळीच्या खोलीत ती ओले मोजे उतरवते, तेव्हा याचा हात नाइलाजाने तिच्या हातामागे फरफटतो. जॉन बकनच्या ज्या कादंबरीवर चित्रपट बेतलाय, त्या मूळ कादंबरीत ही बाईच नाही. शेवट सांगत नाही, पण सुरुवातीचा, रंगमंचावर स्मरणशक्तीचे प्रयोग करणारा 'मिस्टर मेमरी' लक्षात ठेवा.