चॉइस फिलिंगच्या आधी एकदा वॉर्डात जाऊन ये

प्रश्न : ताई, मी परभणीची. एमबीबीएस, इंटर्नशिप झाली, नीट पीजीचा (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) रँक बरा आलाय आणि मला गायनॅकच (स्त्रीरोग-प्रसूती) करायचंय. राज्याच्या प्रवेशाच्या राउंडला नांदेड, लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगर सगळंच दिसतंय. सीनियर म्हणतात पेशंट लोड बघ, बाकी सगळीकडे सारखंच टॉक्सिक असतं. घरचे म्हणतात जवळचं घे. डिपार्टमेंटचं वातावरण आधीच कसं ओळखायचं?

उत्तर : अगं माय, सगळीकडे सारखंच असतं हे बिलकुल खरं नाही, आणि ह्या एका वाक्यापायी पोरं-पोरी काहीच न विचारता चॉइस, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, लॉक करतात याचं मला फार वाईट वाटतं. कॉलेजचं नाव घेऊन मी चांगलं-वाईट सांगणार नाही, कारण एकाच कॉलेजात मेडिसिनचं वातावरण वेगळं, गायनॅकचं वेगळं, आणि युनिट हेड बदलले की तेही बदलतं.

डिलिव्हऱ्या भरपूर असल्या की जागरण होणारच, त्याला मी टॉक्सिक म्हणत नाही. बघायचं ते हे की त्या जागरणात तू शिकणार का नुसतीच हमाली करणार. तिथली कोणी इंटर्न ओळखीची असेल तर तिला सोबत घे आणि रात्री 9 नंतर लेबर रूमच्या बाहेर तासभर बस. ब्लड बँकेत कोण पळतंय, सॅम्पल घेऊन लॅबला कोण जातंय, ट्रॉली कोण ढकलतंय ते बघ, मावशी-मामा (वॉर्डातले मदतनीस) कमी असले की हे सगळं जेआर वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, गळ्यात पडतं आणि मग सिझेरियनला हात लावायला वेळच उरत नाही. एखादी बाई ब्लीड होऊ लागली, जेआर वनने फोन केला, तर सीनियर धावत येते का नातेवाईकांसमोरच "एवढं पण कळत नाही का" म्हणून झापते, हे तिथं बसल्या-बसल्या ऐकू येतं.

मग जेआर वनला एकटीला गाठ, सीनियर शेजारी असली तर ती "छान आहे" एवढंच म्हणणार. "वातावरण कसंय" असं विचारूच नको, घडलेलं विचार. महालक्ष्म्यांना घरी गेलतीस का? ताप आला तेव्हा ड्यूटी कोणी केली? पहिलं सिझेरियन कधी मिळालं, समोर कोण उभं होतं? रात्री 2 ला लेक्चरर फोन उचलतात का, आणि येतात का? तुमच्या बॅचमधून कोणी सीट सोडली का? सोडली असेल तर तिचा नंबर मिळव, तिच्याइतकं मोकळं दुसरं कोणी बोलत नाही.

नियम पण माहिती असू दे. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये साधारणपणे सलग 12 तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, आठवड्याला 48 तास असं लिहिलेलंय, आणि एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2023 च्या नियमांत आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला किमान 20 कॅज्युअल लीव्ह आहेत. 48 तास कुठंच पाळत नाहीत हे तुलाही माहितीय, पण सुट्टीचं नाव काढल्यावर समोरची हसली तर ते उत्तर समजून घे.

अजून एक, आणि हे घरच्यांसमोर कोणी बोलत नाही. रँक, कॅटेगरी, आडनाव यावरून टोमणे मारतात का हे स्पष्ट विचार. 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली, ती गायनॅकचीच रेसिडेंट होती, जातीवरून छळ झाल्याचा तिच्या घरच्यांचा आरोप होता. "आम्ही पण सहन केलं, तुम्ही पण करा" असं सीनियर अभिमानाने सांगत असतील तर ते डिपार्टमेंट यादीत खाली टाक, लोड कितीही भारी असू दे.

जवळचं घे म्हणणाऱ्या घरच्यांचं पण अगदीच चूक नाही, डबा येतो, आई येऊन राहते, पण ड्यूटीतून सोडलंच नाही तर लातूर काय अन् मुंबई काय. सीट मिळाल्यावर सोडणं सोपं नसतं, त्याच्या अटी ब्रोशरमध्ये आधीच वाच. आणि राउंड सुरू झाल्यावर पळापळ होते, तेव्हा नांदेडला आत्ताच जाऊन ये, परभणीहून सकाळच्या गाडीने गेलीस तरी रात्रीची लेबर रूम बघायची म्हणून मुक्कामाची सोय करूनच जा.