रेल्वेचा व्हिडिओ खेळण्यासारखा का दिसतो?

प्रश्न : काका, यंदा गणपतीच्या आराशीत मी 1:87 मापाची, म्हणजे खरीपेक्षा 87 पट लहान, रेल्वे मांडली. थर्माकोलचा घाट, बोगदा, खानापूरहून आणलेली तांबडी माती, सगळं केलं. बघायला आलेल्यांना आरास आवडली, पण मोबाइलवर काढलेला व्हिडिओ अगदी खेळण्यासारखा दिसतो. चित्रावर काळे पट्टे सरकतात आणि आवाज नुसता मोटरच्या घरघरीचा. नवा कॅमेरा घेऊ का?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : कॅमेरा घेऊ नकोस. तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. काम सुरेख आहे, विशेषतः बोगद्याच्या तोंडाशी धुरानं काळवंडलेला दगड. पण सगळं तू उभ्यानं, वरून काढलंयस. खरी गाडी अशी आपण कधी बघतो? बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे फाटकावर सायकल धरून थांबलेल्या माणसाला ती दिसते तशी दाखव. त्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 160 सेंटिमीटरवर. त्याला 87 नं भाग, दोन सेंटिमीटरसुद्धा होत नाहीत. तुझी लेन्स तिथं हवी. मोबाइल आडवा धरून उलटा कर, म्हणजे लेन्सची कड खाली येईल, आणि तसाच रुळांशेजारी मातीवर टेकव. चित्र उलटं आलंच तर एडिटिंगमध्ये फिरवता येतं. मागची धूसरता वाढवणारा मोड मात्र बंद ठेव. मागचा डोंगर पुसट झाला की वस्तू लहान आहे हे लगेच कळतं.

दुसरी गोष्ट वेग. ताशी 60 किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला जेमतेम 19 सेंटिमीटर जाते. रुळांशेजारी मीटरभर अंतरावर दोन खुणा कर आणि घड्याळ लाव. पाच सेकंद लागले पाहिजेत. तुझी गाडी दीड सेकंदात पार होते! आणि तू तर घाट केलायस. कॅसलरॉकवरून कुळेकडे उतरणारा ब्रगांझा घाट 1:37 चढाचा, म्हणजे 37 मीटरला एक मीटर चढ. तिथं गाडी दमानं चालते, चढताना मागं ढकलायला जादा इंजिनं लावतात. म्हणून घाटातल्या शॉटला त्याच मीटरभराला दहा सेकंद धर.

इतक्या हळू चालवलीस की गाडी अडखळेल, कारण रूळ मळलेले असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घे. आणि ती खानापूरची माती! वस्त्रगाळ केली असशीलच, पण पसरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवलास का? लोखंडाचे बारीक कण चिकटून येतात. ते राहिले तर इंजिनातल्या मोटरचं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर खराब होते. माझं एक इंजिन असंच गेलं, आजही जिवाला लागतं.

पट्ट्यांचं सोपं आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथं सगळं हातानं ठरवता येतं, शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेव, किंवा सरळ खिडकीच्या उजेडात काढ.

आता एडिटिंग. मी तीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ जोडले. पहिल्याच वर्षी एका वरातीत मी कडेला उभा राहून शॉट घेतला आणि पुढचा रस्ता ओलांडून पलीकडून. जोडल्यावर वरात अर्ध्यातून माघारी निघाल्यासारखी दिसली, आणि वधूपित्यानं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. तुझ्या व्हिडिओत बोगद्यात डावीकडून शिरलेली गाडी उजवीकडून येते, तेच झालंय. रुळांची एकच बाजू धर. बाजू बदलायचीच असेल तर मध्ये गाडी समोरून येतानाचा शॉट घाल.

मोटरचा आवाज काढून टाक. खरा आवाज फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून रेकॉर्ड कर, रुळांत पाय टाकायचा नाही. माइकला स्पंजचा तुकडा लाव, नाहीतर वारा सगळं खाऊन टाकतो. डिझेल इंजिन मिळालं तर सोडू नकोस. रुळांवर विजेच्या तारा आल्यापासून ती धडधड आपल्या मार्गावर कमी होत चाललीय.

हा आवाज चित्राच्या आधी येऊ दे, हे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय. चार-पाच सेकंद रूळ रिकामे ठेव. लांबून शिट्टी, मग रुळांची बारीक झिणझिण, मग इंजिन. फाटक पडल्यावर आपण सगळे वाकून त्याच दिशेला बघत असतो ना, ती वाट बघणं तुझ्या व्हिडिओत नाही. पहिल्याच क्षणी गाडी पळायला लागते.

आणि गाडी निघून गेली की लगेच कापू नकोस. शेवटच्या डब्यावर मला 'एल व्ही'ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पाटी दिसली नाही. पिवळ्या कागदावर काळी अक्षरं, तीन-चार मिलिमीटरची, बारीक निबानं लिहून चिकटव. ती बोगद्यात दिसेनाशी होईपर्यंत मोबाइलला हात लावू नकोस. नवा व्हिडिओ झाला की पाठव, मी बघणार आहे.