लक्षणं काहीच नाहीत, तरी गुप्तरोगाची तपासणी करावी का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तीन आठवड्यांपूर्वी एकदा कंडोमशिवाय संबंध आला, त्रास काहीच नाही, लग्न दीड महिन्यावर आलंय. मित्र म्हणतो, मेडिकलमधून एक गोळी घे आणि विसरून जा. शिवाय विचारलंय की हे रोग सार्वजनिक संडासातूनही लागतात का.

संडासाचं आधी उरकते. नाही लागत. एचआयव्ही, सिफिलिस (गरमी), गोनोरिया (परमा) यांचे जंतू शरीराबाहेर कोरड्या जागेवर तग धरत नाहीत. वीर्य, योनीतला स्राव, रक्त आणि जननेंद्रियांच्या त्वचेचा एकमेकांशी संपर्क, हे त्यांचे रस्ते. मुखमैथुन आणि गुदमैथुनही त्यात आले. 'तोंडाने काही होत नाही' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. गोनोरिया आणि सिफिलिस तसेही लागतात.

आता तपासणीचं. करा. मी सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे आणि माझ्यासमोर सर्वात निर्धास्त बसलेले असतात ते 'मला काही होत नाहीये' म्हणणारेच. सिफिलिसचं बघा. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) एक फोड किंवा जखम येते. कडा टणक, पण दुखत नाही. बाईला आत आली तर दिसतही नाही. आणि तीन ते सहा आठवड्यांत औषध न घेता ती आपोआप भरून येते! माणूस त्याचं श्रेय कुठल्या तरी मलमाला देऊन मोकळा होतो. रोग मात्र रक्तात असतोच. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात, तेही जातात. मग कधी कधी तो उघडकीला येतो बायकोच्या गरोदरपणातल्या रक्त तपासणीत, आणि तोवर धोका बाळापर्यंत पोचलेला असतो. घरात पहिला प्रश्न अर्थातच तिला विचारला जातो.

क्लॅमिडिया हा गुप्तरोग त्याहून मुका. बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना त्याचा पत्ताच नसतो. उपचाराविना राहिला तर गर्भनलिका बंद होऊ शकतात, आणि मग 'मूल का होत नाही' म्हणून फेऱ्या सुरू. पुरुषाला पू येणं, लघवीला जळजळ, जांघेत अवधाण येणं हे झालं तर उलट बरं म्हणायचं. निदान तो दवाखान्यात येतो.

मित्राच्या गोळीबद्दल: घेऊ नका. अर्धवट औषधाने लक्षणं दबतात, निदान अवघड होतं आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गोनोरियावर एके काळी हमखास चालणारं सिप्रोफ्लोक्सासिन आज त्यामुळेच बाद झालंय. सिफिलिसला तर पेनिसिलिनचं इंजेक्शनच लागतं. २४ लाख युनिट, निम्मं निम्मं दोन्ही कुल्ल्यांवर. सुरुवातीच्या अवस्थेत एवढ्यावर भागतं.

एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, ती वेळ तुमची गेली. पुढच्यासाठी लक्षात ठेवा. आता एचआयव्ही, सिफिलिस (व्हीडीआरएल किंवा आरपीआर) आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या करा, पण आज निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं समजू नका. संसर्ग रक्तात दिसायला वेळ लागतो. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी (प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी) संबंधानंतर ४५ दिवसांनी केली तर निकालावर भरवसा ठेवता येतो. म्हणजे ती लग्नाआधी बसते. साध्या रॅपिड टेस्टला आणि सिफिलिसला मात्र तीन महिने धरा. लघवीच्या नमुन्यावरून गोनोरिया-क्लॅमिडिया बघतात, ते आत्ताही होईल.

म्हणजे तुमचे तीन महिने लग्नानंतर भरतात. तोवर प्रत्येक वेळी कंडोम. 'इतक्यात पाळणा नको' म्हणून नव्या जोडप्यात तो सहज खपतो, पण माझं मत विचाराल तर तिला खरं सांगा. दोघांनी मिळून लग्नाआधी रक्त तपासणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. काही पॉझिटिव्ह निघालं तर मात्र सांगण्यावाचून गत्यंतर नाही. आधी त्यावर उपचार, मग बाकीचं. आणि जिच्याशी संबंध आला तिलाही कळवायचं. एकानेच औषध घेतलं की तोच संसर्ग परत लागतो, हे आम्ही नेहमी बघतो.

कंडोमचं म्हणाल तर लोक तो वापरतात, पण शेवटच्या क्षणी चढवतात. सुरुवातीपासून हवा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, लॅटेक्स फाटतं. दोन एकावर एक घालू नका. पाकिटात महिनोन्महिने दाबून ठेवलेला टाकून द्या. जननेंद्रियांचा हर्पिस आणि एचपीव्ही (चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा विषाणू) झाकलेल्या भागाबाहेरच्या त्वचेवरूनही लागू शकतात, तिथे कंडोम धोका कमी करतो, संपवत नाही. एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरमची 'सर्वाव्हॅक' २०२३ पासून मिळते. होणाऱ्या बायकोचं वय २६ पर्यंत असेल तर डॉक्टरांशी बोला, १५ वर्षांनंतर तीन डोस लागतात. हिपॅटायटिस बीची लस तुम्ही घेतली नसेल तर तिचेही तीनच डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी.

कुठे जायचं? सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) एचआयव्हीची चाचणी फुकट होते, आधी-नंतर समुपदेशन असतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी होत नाही आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर निकालही कुणाला सांगता येत नाही. बाकीच्या आजारांसाठी तिथेच सुरक्षा क्लिनिक असतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७, टोल फ्री. केसपेपर काढताना रांगेत 'गुप्तरोग' म्हणायला जीभ रेटत नसेल तर नुसतं 'स्किन' म्हणा. खिडकीवरच्या माणसाला कळतं.