बगलेच्या प्रवाहातला गाळ: सुरुवात तोंडापासून करा

नदीच्या बगलेच्या प्रवाहात गाळ का साचतो ते समजायला मॉडेलिंगचं (पाणी आणि गाळाची संगणकावर नक्कल करणारं) सॉफ्टवेअर शिकू का, असं विचारलंत. शिका, पण पहिला पावसाळा सरल्यावर. आधी नुसतं बघायला आणि मोजायला लागा, त्यातच निम्मं काम होतं.

नदीच्या बगलेला खोदलेला प्रवाह बऱ्याचदा तोंडाशीच, म्हणजे मुख्य नदीतून पाणी आत शिरतं तिथेच, भरायला लागतो, म्हणून तिथून सुरुवात करा. चिमूटभर गाळ बोटांत चोळून बघा. खरखरीत लागला तर वाळू, म्हणजे मुख्य नदी ती आत लोटतेय. पिठासारखा मऊ लागला तर पाणी आत येऊन रेंगाळतंय आणि तरंगती माती खाली बसतेय. दोन्हींचे उपाय वेगळे. (मुंबईच्या मिठी नदीत रबरी हातमोजे घालूनच, तिथे सांडपाणीही आहे.)

नवी मंडळी हमखास पाण्याच्या पातळीपासून खोली मोजतात. मिठी जिथे समुद्राला मिळते त्या माहीमच्या खाडीकडे भरती-ओहोटीने पातळी सतत हलते, मग आकड्यांना काय अर्थ? पुलाच्या खांबावर पक्की खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा: पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. भर पावसात काठाकडे फिरकूही नका.

आणि गाळ दिसला की लगेच जेसीबीची भाषा नको. नेदरलँड्समध्ये वाल नदीकाठी गामेरेनला १९९०च्या दशकात असे प्रवाह मुद्दाम खोदले; गाळ तिथेही साचतोच. गाळ साचण्याचं कारण तसंच ठेवून तो उपसलात, तर प्रवाह पुन्हा भरणार.

फाट्याचा कोन (नदीतून प्रवाह कोणत्या कोनात फुटतो), दोन्हींत वाळूची वाटणी वगैरे नंतर बघू. पहिले आकडे आले की कळवा.